चहा न पिणारे मिस्त्रीचाचा

आमच्या बीडमध्ये इंजिनाची भाषा कळणारा एकच माणूस होऊन गेला आणि त्याला माणसांची भाषा फारशी आवडत नसे. आम्ही सगळे त्यांना मिस्त्रीचाचा म्हणायचो. नगर रोडला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. गाडी आली की चाचा आधी मालकाला गप्प करत, मग ड्रायव्हरला, मग शेजारच्या रसवंतीच्या घुंगरांना. बाभळीच्या काठीचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून ते डोळे मिटत. एकदा एका कोंबडीने मध्येच आवाज केला, तर तिला शेजारच्या गल्लीत सोडून आले आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकायला बसले. डिझेलचा थेंब जिभेवर ठेवून ते कोणत्या पंपावरचं हे सांगायचे, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचे. "मालक खोटं बोलतो, डायवर निम्मं खोटं बोलतो," ते म्हणत, "इंजिन बिचारं खोटं बोलत न्हाई."

त्यांचा एक नियम सगळ्या बाजारपेठेला पाठ होता. दोष सापडून मालकाच्या कानावर जाईपर्यंत ते त्या मालकाचा चहा पीत नसत. कुणी आग्रह केला तर म्हणत, "फुकटचा घोट लई जड असतो." त्यामुळे चाचांच्या हातात कप दिसला की रस्त्यावरून जाणारा अनोळखी माणूससुद्धा ओळखायचा, की कुणाची तरी गाडी बरी झाली.

त्या काळात गावात रंगीत टीव्ही आले होते, चौकाचौकात एसटीडीच्या काचेच्या खोल्या उभ्या राहत होत्या, आणि प्रत्येकाला काहीतरी धंदा करावासा वाटत होता. माझ्या दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, फौजेच्या लिलावातून एक जुना डिझेल ट्रक आणला. मी तेव्हा बेकार होतो, त्यांच्याच घरी राहत होतो, त्यांच्याच ताटात जेवत होतो. ट्रक त्यांनी माझ्या हाती दिला. चाचांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा टाच आपटून त्याला सलाम ठोकला आणि त्याचं नाव ठेवलं सुभेदारसाहेब.

थोड्याच दिवसांत सुभेदारसाहेब वाटेत बसू लागले. दहा-बारा मैल झकास पळायचे, मग दोन उचक्या देऊन गप्प. अर्ध्या तासाने काही न करता पुन्हा सुरू. नेकनूरच्या एका वऱ्हाडाचा मुहूर्त आम्ही पालीच्या धरणाजवळ बसून घालवला. नवरदेव शेवटी एका मोटारसायकलवर बसून गेला आणि त्याची आत्या मला नाव घेऊन शिव्या देत राहिली. चाचांनी गाडी तीनदा ठेवून घेतली. फिल्टर पाहिले, पंप खोलला, नळ्या फुंकल्या. शेडमध्ये उभं राहून इंजिन दिवसभर गुरगुरायचं, कारण दर तासाला टाकी उघडून डिझेलचा वास घेण्याची चाचांना सवय होती. अकरा दिवस त्यांनी आमच्या चहाला हात लावला नाही.

बाराव्या दिवशी ते म्हणाले, "मीच संग येतो." दाजीही बसले. पालीच्या पुढे उचक्या आल्या आणि गाडी थांबली. चाचा उतरले, टाकीचं झाकण हळूच सैल केलं. आतून लांब सुस्कारा ऐकू आला, टाकी हवा ओढत होती. त्यांनी झाकण उलटं केलं. हवेसाठी जे बारीक भोक असतं, ते साबणाने लिंपून बंद केलेलं होतं. हवा नाही, म्हणून टाकी डिझेल सोडत नव्हती.

साबण मी लावला होता. खड्ड्यांतून डिझेल हिंदकळून त्या भोकातून सांडायचं आणि दाजी मला बोलायचे. गळणाऱ्या टाकीला साबण लावतात, एवढंच मला ठाऊक होतं.

"हे कुणी केलं?" दाजींनी विचारलं. ते माझ्याकडे बघत होते. त्या घरात माझी जागा त्या भोकाएवढीच होती. मी म्हणालो, "गाडी तीनदा गॅरेजात होती."

चाचांनी झाकण नाकाशी नेलं. मग माझ्याकडे पाहिलं, अगदी थोडा वेळ. "आसंल," एवढंच म्हणाले आणि काडीने भोक मोकळं केलं. परतल्यावर बहिणीने चहा आणला, तो त्यांनी घेतला नाही. सायकलवर बसून गेले.

ट्रक पुन्हा कधी बंद पडला नाही. दाजी मात्र ज्याला त्याला सांगत सुटले की मिस्त्री स्वतःच भोक बुजवतो आणि स्वतःच शोधतो. दाजींच्या शब्दाला वजन होतं. हळूहळू शेडसमोरच्या गाड्या कमी झाल्या. लोक म्हणायचे, नवीन गाड्या आल्या, जुनी विद्या गेली. मीही मान हलवायचो.

बऱ्याच वर्षांनी, दाजी आष्टीला राहायला गेल्यावर, मी चाचांकडे गेलो. शेडमध्ये आता त्यांचा मुलगा पंक्चर काढत होता. चाचा खाटेवर बसले होते, काठी जवळच होती. मी चहा मागवला आणि सगळं सांगितलं.

"मला ठाव हाय की," ते म्हणाले. "चंदनी साबण व्हता. आमी राखेनं हात धुतो, भाऊ."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमाला त्याच घरी जेवायचं व्हतं." त्यांनी कप उचलला, थांबले. "दाजीला सांगितलं का?"

"नाही," मी म्हणालो. चाचांनी कप खाली ठेवला आणि त्यावर बशी झाकली. "जाऊन या. चहा कुठं पळून चाललाय."

आष्टीला जायला एसटीने अडीच तास लागतात. मला चार महिने लागले. दाजींनी सगळं ऐकून घेतलं, मग टोपी घालून म्हणाले, "चल." वाटेत पालीजवळ त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, मी नाही.

शेडमध्ये मुलगा एकटाच होता. खाट उभी करून भिंतीला लावली होती. अब्बांना जाऊन पंधरा दिवस झाले, तो म्हणाला. त्याने चहा मागवला. आमच्या दोघांच्याही हातात तो निवत गेला.