भावाचं वाक्य

दादाच्या ट्रंकेच्या तळाशी नाटकाची जुनी कार्बनप्रत सापडली. तिच्या वासासरशी नव्वदच्या दशकातलं इंदापूरचं वाचनालय डोळ्यांपुढं आलं.

शाळेतल्या गुरुजींनी भावाबहिणीच्या वाटणीवर नाटक लिहिलं होतं आणि आम्ही ते सगळ्यांसमोर वाचत होतो. बहीण मी, भाऊ माझा सख्खा दादा. अख्खं नाटक दादाच्या हातात होतं, माझ्याकडं फक्त माझ्या ओळींचा कागद.

"कसला कागद आहे हा?" मी वाचलं.

दादा अडखळला. पानावर बोट ठेवून, वर न बघताच म्हणाला, "वाचायचं काय हाय त्यात? कर सही."

लोक हसले. मी मात्र मान वर करून गुरुजींकडं पाहिलं. आदल्याच आठवड्यात कचेरीत नेऊन दादानं अगदी याच शब्दांत माझी सही घेतली होती. वडिलांच्या जमिनीतला माझा हक्क त्या सहीनं सुटला, हे पुढं कळलं. त्या दिवशी मला संशय आला तो गुरुजींचा. आमच्या घरातलं यांना कुणी सांगितलं? मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. ते वारले तेव्हाही गेले नाही.

आज ते पान उघडलं. गुरुजींच्या नाटकात 'हाय' कुठंच नाही. भावाचं वाक्य आहे, "ताई, आधी नीट वाच, मगच सही कर."