केवळाबाईची बाज

निजामाचं राज्य जाऊन पाचेक वर्षं झाली असतील. त्या हिवाळ्यात पूर्णेच्या अलीकडं, दत्तरावाच्या रानात येडबा धनगराची मेंढरं बसली होती आणि त्याच्या बायकोचे, बानूबाईचे, दिवस भरत आले होते. आधीची दोन्ही लेकरं उघड्यावर, भुईवर झाली आणि गारठ्यानं गेली. औंदा तिनं नवऱ्याला एकच मागणं घातलं, "मला बाज पायजे."

येडबानं हौसेनं बाभळीची बाज ठोकली. पण गडी पडला धनगर; दोरी म्हटली की त्याच्या हाताला शेळीचे केसच लागायचे. केसाच्या दोरीनं त्यानं ती घट्ट विणली आणि येईल-जाईल त्याला कौतुकानं दाखवली.

पोरगी झाली. दत्तरावाची बायको केवळाबाई निखाऱ्यांवर ओवा टाकून घमेलं घेऊन आली आणि शेकासाठी बाजेखाली सरकवलं. जरा वेळात दोरी करपली. असा वास सुटला की मेंढरंसुद्धा लांब सरली. मुठीएवढी पोर धुरानं गुदमरली. हीही जातीय, असं वाटून बानूबाईनं हंबरडा फोडला.

केवळाबाईनं पोर पदरात घेतली नि बाहेर धावली. पोर रडली तसा तिच्या तोंडाचा पट्टा सुटला, "आरं येडबा, शेकाच्या बाजेला केसाची दोरी लावतेत का कुठं?" मग मागं उभ्या दत्तरावाकडं वळली, "आपली बाज आणा घरून."

"आपली?"

"मंग कुणाची?"

दत्तराव गेला आणि सुतळीची बाज डोक्यावर घेऊन आला. केवळाबाईची चारी लेकरं तिच्यावरच झाली होती.

कळप हलायच्या दिवशी बानूबाईनं बाज धुऊन परत नेली. केवळाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे माय. अजून लय रानं फिरायचीत तुला. घिऊन जा." बानूबाईनं तिचे पाय धरले आणि पोटभर रडून घेतलं.

पोरगी शाळेच्या वयाची झाली तेव्हा माणिकराव गुरुजी तिचं नाव घालायला येडबाच्या गावाकडच्या घरी आले आणि त्याच बाजेवर टेकले. त्यांना शब्दांचा भारी नाद. "खाट म्हणजे संस्कृतातली खट्वा, पलंग म्हणजे पर्यंक."

"आमच्यात सून बाजेवर हाय म्हटलं की लोक गूळ-तेल घिऊन येतेत," येडबा म्हणाला, "आन् म्हातारं बाजेवर हाय म्हटलं की गप बसतेत."

"पण हा बाज शब्द आला कुठून, ते काही मला सापडलं नाही," गुरुजी म्हणाले.

"दुसऱ्याचं मला न्हाई ठावं," बानूबाई म्हणाली. "आमच्यात बाज दत्तरावाच्या घरून आली."

गुरुजी हसले. "बरं, पोरीचं नाव काय घालू?"

"केवळा," ती म्हणाली.