खमीसाच्या दारातल्या टोपल्या

डोंगरातल्या ऐन बल्लूत गावाच्या वरच्या अंगाला जंगलखात्याची दोन खोल्यांची कौलारू चौकी आहे. खमीसा तिथं झाडलोटीला लागली तेव्हा चोवीस वर्षांची होती. गुरुवारी जन्मली म्हणून खमीसा. त्यापलीकडे नाव शोधायला तिच्या आईबापांना सवड नव्हती. शाळा सहावीपर्यंत झालेली. लग्न ठरलं होतं, पण नवरा मुलगा फ्रान्सला गेला आणि तिथंच कुणाशी तरी निकाह लावून बसला. तेव्हापासून ती भावाकडे, अमोरकडे, राहत होती. भावजय झीना वाईट नव्हती, पण हे घर कुणाचं आहे ते खमीसाला विसरू देत नसे.

दर शरदात राजधानीतून, ट्युनिसहून, उस्ताजा रौदा त्या चौकीत मुक्कामाला यायची. विद्यापीठात शिकवणारी म्हणून उस्ताजा; पन्नाशीची, गुडघे दुखणारी बाई. या डोंगरात सालीची बुचं होतात त्या ओकांखाली किती जातींच्या अळंब्या उगवतात याची नोंद कुणी धड केलेली नव्हती, ती करायचं काम तिनं अंगावर घेतलं होतं. पहिल्या दोन दिवसांत तिनं खमीसाकडे मागितलं ते फक्त गरम पाणी आणि चहा. तिसऱ्या दिवशी खमीसा टेबलाखालून झाडू फिरवत होती. सरळ होताना तिचं नाक एका ताटलीजवळ आलं.

"या दोन एका जातीच्या नाहीत," ती म्हणाली.

उस्ताजानं चष्म्यावरून पाहिलं. "का गं?"

"हिला ओल्या पिठाचा वास येतोय. हिला मुळ्याचा."

उस्ताजानं दोन्ही हुंगल्या, पुन्हा हुंगल्या, आणि ताटलीवरची चिठ्ठी फाडून दोन चिठ्ठ्या केल्या. झाडू तिथंच राहिला.

मग खमीसा शिकत गेली. अळंबीची छत्री देठापासून कापायची, कागदावर पालथी ठेवायची, वर पेला झाकायचा. सकाळी कागदावर भुकटी पडलेली असते, तिचा रंग लिहायचा. कापलेल्या जागी दूध येतं का, हवेत ते निळं पडतं का, ते लिहायचं. झाड कुठलं, उतार कुठल्या दिशेचा, वास कशाचा. मग शेगडीवर जाळी ठेवून वाळवायची, पुडी बांधायची, नंबर घालायचा. उस्ताजा परत गेली तरी खमीसा पावसाळी दिवसांत एकटीच डोंगरावर जायची आणि खोकी भरून ट्युनिसला धाडायची. घरात जेवणात मीठ किती घालावं हेही तिला कुणी विचारत नसे. इथं एक शिकलेली बाई तिच्या नाकावर भरवसा ठेवून वहीत लिहीत होती. सात वर्षांत नोंदी दोनशेच्या घरात गेल्या.

त्यातली एकशे अठरावी नोंद चौथ्या वर्षीची. झऱ्याच्या वाटेवरच्या मोठ्या बुचाच्या ओकाखाली तिला एक फिकट हिरवट अळंबी सापडली. बुडाशी पांढरी पिशवी, देठावर झालर. उस्ताजानं ती चिमट्यानं उचलली आणि खमीसानं वहीत लिहिलेल्या नोंदीवर तांबड्या शाईनं फुली मारली.

"ही एक पुरते, खमीसा. सगळं घर रिकामं करते."

खमीसानं घरी येऊन झीनाला सांगितलं. झीना म्हणाली, "आमच्या आज्या काय वही वाचून खात होत्या?" आणि पीठ मळायला लागली. खमीसाही पुढं कुणाला सांगायला गेली नाही. सांगायचं होतं ते सांगून झालं, असं तिला वाटलं.

ओहोळापलीकडे वर्दाचं घर होतं. वर्दा आणि खमीसा एका बाकावर बसून शिकलेल्या. सातव्या वर्षी, ऑक्टोबरच्या अखेरीस, वर्दाची सासू सकाळी टोपली दाखवायला खमीसाच्या दारात आली. टोपलीत 'अंडी' होती. नारिंगी अळंबी जमिनीतून वर येते तेव्हा पांढऱ्या कवचात असते, अगदी कोंबडीच्या अंड्यासारखी, आणि तशीच कोवळी लोकांना सर्वांत जास्त आवडते. ती हिरवट अळंबीसुद्धा लहानपणी तशाच पांढऱ्या अंड्यात असते. खमीसा त्या दिवशी उस्ताजाबरोबर वरच्या माथ्यावर गेली होती. म्हातारी थोडा वेळ थांबली. "साठ वर्षं वेचतेय, मला काय कुणाला विचारायचंय," असं म्हणून घरी गेली.

दुपारी कांदा-मिरची घालून अंडी शिजली. म्हातारीनं खाल्ली, वर्दाच्या नवऱ्यानं, बल्गासमनं, खाल्ली. वर्दाचा रमजानातला राहिलेला रोजा होता, ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघांना उलट्या सुरू झाल्या. त्याच्या पुढच्या दिवशी दोघं बरी झाली. बल्गासमनं उठून बकऱ्यांना पाला घातला, वर्दानं शेजारी खीर वाटली. चौथ्या दिवशी दोघांचे डोळे पिवळे झाले. जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी मिळाली, डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. आठवडा भरायच्या आत दोन जनाजे उठले.

गावचा मुखिया चौकशीला चौकीत आला तेव्हा मागून वर्दाही आली होती. अळंबी कुठली होती, असं त्यानं विचारलं. उस्ताजा खोटं बोलणारी बाई नव्हती. तिनं वही उघडून दाखवली.

"हीच. तीन वर्षांपूर्वी लिहिलीय. झऱ्याच्या वाटेवर, मोठ्या बुचाखाली."

वर्दानं पानावरच्या तांबड्या फुलीकडे पाहिलं. मग खमीसाकडे.

"म्हणजे ट्युनिसला ठाऊक होतं," ती म्हणाली, आणि निघून गेली. त्यानंतर ती खमीसाशी बोलली नाही.

खमीसा दुसऱ्या दिवसापासून घरोघर फिरली. दार वाजवायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि म्हणायचं, "टोपली चुलीवर जाण्याआधी मला दाखवा." लोक घाबरलेले होते. पहिल्या वर्षी त्यांनी तिचे हात हातात घेतले, तिला मध आणून दिला. दुसऱ्या वर्षी ती सवय झाली. तिसऱ्या वर्षी आसपासच्या चार वाड्यांतल्या बायाही ओहोळ ओलांडून यायला लागल्या. पाऊस पडून दहा दिवस झाले की सकाळी उजाडायला खमीसाच्या दारात टोपल्या ओळीनं लागायच्या, आणि थंडी कडक होईपर्यंत ती ओळ तुटायची नाही.

अळंब्यांचा हंगाम तोच, आणि डोंगरावर नोंदीला जायचे दिवसही तेच. ती माथ्यावर गेली आणि एखादी टोपली न तपासता चुलीवर गेली तर? ती गेली नाही. आदल्या वर्षी एकतीस नोंदी झाल्या होत्या, त्या वर्षी नऊ. त्याही टोपल्यांतून उचललेल्या. टोपलीतून आलेल्या अळंबीचं झाड कुठलं, उतार कुठला, ते कळत नाही. उस्ताजानं सौम्यपणे लिहून पाठवलं की अशा नोंदींचा उपयोग नाही. ते खमीसाला ठाऊक होतं.

आणखी एक गोष्ट तिच्या हळूहळू ध्यानात आली, आणि ती तिनं कुणाला सांगितली नाही. पूर्वी लोक चार ओळखीच्या जाती तेवढ्या वेचायचे, शंका आली की लाथेनं उडवून पुढं जायचे. आता दिसेल ते टोपलीत पडत होतं. खमीसा आहे ना बघायला. तिच्या असण्यानं लोक धीट झाले होते. आणि जितके धीट झाले, तितकं तिला हलता येईना.

त्यात समुद्रकाठच्या हॉटेलांना माल पुरवणारा एक गाडीवाला यायला लागला. त्याला अंडी हवी होती, आणि अखंड हवी होती. खमीसाची रीत एकच होती: अंडं उभं चिरायचं. कवचाखाली पिवळं दिसलं तर ठेवायचं, पांढरं किंवा हिरवट दिसलं तर जमिनीत पुरायचं.

"चिरलेलं अंडं गाडीवाला घेत नाही, बाईसाहेब," मन्नूबिया म्हणायची; सगळे तिला खालती, म्हणजे मावशी, म्हणत. सत्तरीची, तोंडाळ, रोज सगळ्यांच्या आधी येणारी. "तू नुसतं बघून सांग."

"बघून कळत नाही, खालती."

"तुला कळत नाही? मग मी दोन टेकड्या कशाला उतरून आले? माझी गायसुद्धा बघून सांगेल."

"मग तिलाच विचार."

"ती खाऊन सांगेल गं बाई, आणि मला दूध हवंय."

बाकीच्या बाया हसायच्या. खमीसा सुरी काढायची आणि चिरायची. मन्नूबिया शिव्या देत टोपली उचलायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिली. खमीसा म्हणायची, "चिरायचंच तर आहे, घरी चिरा. शिकवते मी." त्यावर सगळ्यांचं एकच उत्तर, "तू असताना आम्ही कशाला जोखीम घेऊ?"

खमीसा बेचाळीस वर्षांची झाली तेव्हा उस्ताजाचं पत्र आलं. ट्युनिसच्या संग्रहात वाळवलेले नमुने लावायला एक माणूस हवं होतं. राहायला खोलीही मिळणार होती. अमोर विरोध करील असं तिला वाटलं होतं. तो म्हणाला, "जा. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या टोपल्या बघितल्यास." झीनानं तिच्यासाठी भाकरी आणि ऑलिव्हचं तेल बांधून दिलं, आणि निरोप देताना रडली. त्याचं खमीसाला नवल वाटलं.

संग्रहाची खोली थंड आणि कोरडी होती. एका खणात तिच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या: उतार उत्तरेचा, वास मुळ्याचा. ती सगळे खण बघत बसली. पाच दिवस ती कामाला लवकर जात होती. सहाव्या दिवशी बातम्यांत सांगितलं की वायव्येच्या डोंगरांत, तिच्या गावाकडे, पाऊस चांगला झालाय. तिनं मनात दहा दिवस मोजले.

पंधराव्या दिवशी अमोरचा फोन आला.

"कुणी मेलेलं नाही," तो आधी म्हणाला. "मन्नूबिया खालती दारात बसलीय. खमीसा आल्याशिवाय उठत नाही म्हणते."

"तिला सांग, चिरून बघ."

"सांगितलं. ती म्हणते, मोबाईल टोपलीवर धरते, तू तिकडून बघ."

"अमोर, मोबाईलात वास येतो का?"

"हेच मी तिला म्हणालो. तर म्हणाली, मग ती तिकडे काय करतेय?"

त्यानंतर दोन दिवस संग्रहात फोन वाजला की खमीसाच्या हातातली पुडी खाली यायची. दुपार झाली की तिला वाटायचं, आता जेवणं होत असतील. मग ती तास धरायची. आज दुपारी कुणी खाल्लं असेल तर उद्या पहाटे सुरू होईल. उद्या पहाट गेली की परवाची. तिसऱ्या दिवशी ती उस्ताजाकडे गेली.

"तू परत गेलीस तरी एखाद्या दिवशी कुणीतरी खाईलच," उस्ताजा म्हणाली. "तू एकटी किती दारं राखणार?"

"खरं आहे. पण मी इथं असताना खाल्लं तर?"

"त्यात तुझा काय गुन्हा?"

खमीसा दाराकडे वळली. ती म्हणाली, "वहीत माझंच अक्षर आहे ना." भाड्याच्या गाडीत आठ जणांत दाटीनं बसून ती संध्याकाळच्या आत ऐन बल्लूतला आली. मन्नूबियाची टोपली सडून गेली होती, आणि म्हातारी त्याचा दोष तिलाच देत होती.

त्या हिवाळ्यात खमीसा फार कमी बोलली. चिरायची, पुरायची, पुढची टोपली ओढायची. झीनानं एकदा न विचारता तिच्या पुढ्यात चहा ठेवला आणि म्हणाली, "घर तुझंही आहे गं." खमीसानं मान हलवली. घराचा प्रश्न राहिलाच नव्हता.

पुढच्या शरदात एका सकाळी टोपल्यांच्या ओळीत एक बाई रिकाम्या हातानं उभी होती. वर्दा. बारा वर्षांत ती या दारात आली नव्हती. बाया बाजूला सरल्या. वर्दा पुढं आली आणि जमिनीवर बसली.

"ती एकच दाखव," ती म्हणाली. "बाकीच्या मला शिकायच्या नाहीत."

खमीसानं पुरायला काढून ठेवलेलं एक अंडं तिच्या हातात दिलं. वर्दानं ते बराच वेळ हातात धरलं. मग सुरी मागितली आणि उभं चिरलं. आत सगळं पांढरट, कडेला हिरवी छटा.

"एवढंच?" वर्दानं विचारलं.

"एवढंच."

"हात धुवायला पाणी दे."

ती दुसऱ्या दिवशीही आली, आणि तिसऱ्या. हंगाम संपेपर्यंत ती अंडी चिरायला बसत होती. पुढच्या वर्षीपासून सोमवार आणि गुरुवार तिनं स्वतःकडे घेतले. तिच्यापुढं कुणाची विनवणी चालत नसे. मन्नूबियानं एकदा प्रयत्न केला.

"सगळीच चिरतेस, वर्दा. गाडीवाल्याला काय देऊ?"

"त्याला सांग, मी नवरा देऊन चिरायला शिकलेय."

मन्नूबियानं टोपली निमूट पुढं सरकवली. मात्र अंडी सोडून इतर काही आलं की वर्दा ते बाजूला ठेवायची: "हे तिला विचारा. मला एकच येते."

वर्दाचा आणि खमीसाचा जुना स्नेह परत आला असं नाही. त्या गोष्टीबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत. पण त्या दोन दिवशी खमीसा वही घेऊन माथ्यावर जायला लागली. पहाटे निघायचं आणि दुपारच्या जेवणांच्या आधी परत यायचं. बाजूला ठेवलेल्या टोपल्या वाट बघत असत. माथ्यावर पोचायलाच दोन तास लागतात. तिथं तिला जेमतेम तासभर मिळे, त्यातही अर्धा कान खाली असे. कोकरू ओरडलं तरी ती दचकून उभी राहायची.

गेल्या नोव्हेंबरात, एका गुरुवारी, उत्तरेच्या उतारावर, पडलेल्या ओकाच्या आडोशाला तिला एक अळंबी दिसली. मातकट, बोटाएवढी, देठ खालून जांभळा. तिनं हुंगली. वास ओल्या लोखंडाचा. तिला नाव सुचेना. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. बसून निरखायला वेळ नव्हता. रुमालात गुंडाळून ती उतरली. दारात अकरा टोपल्या होत्या. तिनं आत जाऊन छत्री कापली, कागदावर पालथी घातली, वर पेला ठेवला, झीनाला हात लावू नको म्हणून सांगितलं आणि बाहेर येऊन बसली.

सकाळी तिनं पेला उचलला. कागदावर विटकरी रंगाचं वर्तुळ उमटलं होतं. ती खिडकीशी वही घेऊन बसली. नंबर घातला. झाड. उतार. वास. बाहेर कुणीतरी खाकरलं, टोपली जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

"खमीसा, उठलीस का?" मन्नूबियाच्या सुनेचा आवाज.

"उठलेय," खमीसा म्हणाली. "थांब जरा. लिहितेय."

बाहेरची बाई थांबली. खमीसानं भुकटीचा रंग लिहिला, देठाची लांबी मोजून लिहिली, शाई वाळेपर्यंत पान उघडं ठेवलं. मग सुरी घेतली आणि दार उघडलं.