हसनमामांच्या बापाची होडी

हसनमामा गेले, हे मला दौंड स्टेशनच्या पुलावर पत्रकं वाटताना कळलं. पुण्याची गाडी नुकतीच लागली होती. रेल्वे कॉलनीतला एक ओळखीचा माणूस पत्रक घेता घेता म्हणाला, "तुमचं मामा सकाळीच गेलं की!" मी पुढच्याच्या हातात पत्रक ठेवलं, त्याच्या पुढच्याच्याही... थांबलोच नाही. दीड महिना झाला, अजून थांबता येत नाही. कारण या माणसाबद्दल मी खोटं छापलं होतं आणि ते दुरुस्त करायचं राहिलं.

मामा मूळचे कोकणातले, खाडीकाठचे. रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन म्हणून दौंडला आले आणि इथलेच झाले. निवृत्तीनंतर रोज आमच्या संघटनेच्या खोलीत येऊन बसायचे, आणि बसले की कोकण सुरू. आगबोट आली की उतारू उतरवायला होड्यांची कशी झुंबड उडायची, आगबोटी बंद पडल्यावर धक्का कसा ओस पडला... आणि परवा डोंगर पोखरून तिकडे रेल्वे गेली तेव्हा, "जलमभर रेल्वेची चाकरी केली, आन् आमच्या गावाला गाडी आली मी रिटायर झाल्यावर!" पण जीव अडकलेला खोताविरुद्धच्या संपात. जमीन खोताची; कसणाऱ्यानं निम्मं भात त्याच्या घरी नेऊन घालायचं. मामा लहान असताना एका सुगीला कुळांनी एकी केली : यंदा दाणा द्यायचा नाही.

मला तेवढंच हवं होतं. जवळच्या राहू गावात गुऱ्हाळांवर मजुरांचा संप चालू होता. मी पत्रकात ठोकून दिलं : 'हसनमामांच्या वडिलांनी खोताला एक दाणा दिला नाही!' आणि त्याखाली, कामावर जाणाऱ्यांना 'गद्दार'.

मामा दुसऱ्याच दिवशी पत्रक घेऊन आले.

"ओ पत्रकवाले, पुरं ऐकून तरी घ्यायचं व्हतं. माझा बाप होडीवाला. खोताच्या माणसांनी खळ्यावरनं भात उचललं, कुणी होडी देईना. माझ्या बापानं दिली. संप फोडला त्यानं."

"का पण?"

"आई बाळंत, चूल तीन दिस थंड. ते लिव्ह की! गद्दार लिवणं सोप्पं हाय. गावानं वाळीत टाकलं, म्हून तर गाव सुटलं."

"मामा, आत्ता छापलं तर मालकांच्या हातात कोलीत. संप संपू द्या."

"व्हय. संप संपंल, आन् मी बी."

संप संपला. मग दुसरं आंदोलन, तिसरं... साऱ्या जगाला जाब विचारणाऱ्या मला चार ओळी छापायला वेळ नव्हता! थू अशा घाईवर.

गेल्या आठवड्यात मामींकडे गेलो. त्यांनी खाटेखालून एक गठ्ठा ओढला. तीच पत्रकं. आमच्या खोलीत उरलेली, मामांनी रद्दी म्हणून नेलेली. एकेका पत्रकावर ती ओळ निळ्या शाईनं खोडलेली, 'गद्दार'ही खोडलेलं, वर थरथरत्या अक्षरात : 'माझ्या बापानं भात नेलं. घरी उपाशी होते.'

"रोज धा-बारा करायचं," मामी म्हणाल्या. "म्हनायचं, त्या पोराला टाइम न्हाई."

तळाची काही तशीच राहिली होती. मी खाटेवर बसलो, मामांचं पेन घेतलं, पहिलं पत्रक पुढं ओढलं. पेन उमटेना.

"झटकून बघ," मामी म्हणाल्या. "त्ये तसंच हाय."