बाबांचं शुद्ध मराठी

बाबा गेल्यानंतर आईने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, त्यांचा आवाज. मोबाइलमध्ये फोटो ढिगाने होते, आवाज कुठेच नव्हता. फोनवर बोलायला ते तयारच नसायचे. मिस्ड कॉल द्यायचे, आपण उलट फोन केला की फोन आईच्या हातात.

मग आईलाच आठवलं. कॉलेजची दोन मुलं भाईंदरजवळ मुर्ध्याला, आमच्या घरी आली होती. बाबांचा जन्म मिठागरात गेलेला, म्हणून त्यांना बोलतं करून सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करून घेऊन गेली. आजोबा, तुम्ही नेटवर येणार, असंही सांगून गेली. "त्ये नेटवर हाय ना? मंग काढ की," आई मला म्हणाली, फळीवरचा डबा काढून दे म्हणावं तसं.

मी नवघरच्या शाळेत इतिहास शिकवते. भौतिक साधनं, लिखित साधनं, मौखिक साधनं, पोरांकडून घोकून घेते. आता स्वतःच्या बापाला साधन म्हणून शोधत जेसल पार्कच्या माझ्या घरात कॉम्प्युटरपुढे बसले. मिठागराला आमच्याकडे नुसतं आगर म्हणतात, पण 'मुर्धा आगर' टाकलं की एसटीची आगारं यायची. 'मीठ आगर' टाकलं तर तुम्हाला आग्रा म्हणायचंय का, असं तो कॉम्प्युटर मलाच विचारायचा. असा संताप यायचा की सांगता सोय नाही. भाईंदरचं स्पेलिंग इंग्रजांनी जितक्या तऱ्हांनी केलंय तितक्या तऱ्हांनी करून पाहिलं. स्कॅन केलेले जुने सरकारी अहवाल निघाले. त्यात मीठ किती मण निघालं ते होतं, काढणारी माणसं नव्हती. शेवटी लोकांच्या आठवणींच्या एका संग्रहाच्या वेबसाइटवर बाबांचा फोटो दिसला. ओटीवर बसलेले, अंगात बनियन. मी स्क्रीनला हात लावून रडले.

फोटोखाली नुसता मजकूर होता, ऐकायला काहीच नव्हतं. मी ईमेल केला. उत्तर आलं, अगदी नम्र. मुलाखत लिहून काढून तपासून झाल्यावर मूळ रेकॉर्डिंग जागेअभावी ठेवलेलं नाही. त्या मुलांचे मोबाइलही बदलले होते. जागेअभावी म्हणे. माझ्या बापाचा आवाज किती जागा खाणार होता?

फोनवर आईला सांगायचा धीर झाला नाही. प्रिंट काढून रविवारी मुर्ध्याला गेले. आई हातातलं काम टाकून ओटीवर येऊन बसली होती. आवाज मिळाला नाही, लिहिलेलं मिळालंय, असं सांगितल्यावर तिने कागदांकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "वाच."

मी वाचायला लागले. मीठ पिकवणे हा आमचा पारंपरिक व्यवसाय होता. उन्हाळ्यात आम्हाला अतिशय परिश्रम करावे लागत असत.

"ह्यो कोन बोलतंय?" आईने विचारलं.

"बाबाच. त्यांनी सांगितलेलंच आहे."

"त्यो आसा कवाच बोलला न्हाय."

खरंच होतं. बाबांचं वाक्य शिवीने सुरू व्हायचं आणि खोकल्यात संपायचं. कुणीतरी चांगल्या मनाने बसून त्यांचं एकूण एक हाय-न्हाय पुसलं होतं आणि तिथे आहे-नाही लिहिलं होतं. अख्ख्या चार पानांत माझा बाप औषधालासुद्धा नव्हता.

"थांब जरा," मी म्हटलं. तेच वाक्य बाबा म्हणतील तसं म्हणून पाहिलं, शिवीसकट. शब्द सगळे ओळखीचे होते, पण माझ्या तोंडून निघाले ते गॅदरिंगमधल्या नाटकातल्यासारखे. लहानपणापासून बाबा आमच्या बोलीत विचारायचे आणि मी शाळेच्या मराठीत उत्तर द्यायचे. दोघांनाही त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. मी पुन्हा म्हणून पाहिलं. आणखी वाईट झालं.

आईने माझ्या हातातले कागद काढून घेतले, घडी घातली आणि बाजूला ठेवले.

"ऱ्हाव दे, बाय. तुला न्हाय जमायाचं," ती म्हणाली. "आता ह्या घरात तसं बोलनारी मी एकलीच हाय."