खुणांची काठी

लोफेम्बा तीस वर्षं नावेच्या पुढच्या टोकाला उभा राहून काँगो नदीचं पाणी मोजत आला होता. काठी खुपसायची, किती खुणा बुडाल्या ते ओरडायचं आणि मागं सुकाणूवरून बायकोनं, बोलुम्बुनं, तोच आकडा परत म्हणायचा. आकडा परत आला नाही, तर इंजिन बंद. दोघांचं दिवसभराचं बोलणं बहुतेक एवढंच.

या खेपेला सुकाणूवर बोलुम्बुचा भाऊ इकोमो होता. ती चटईच्या छपराखाली पोट धरून पडली होती. दोन दिवसांत खाली म्बांडाका शहराच्या इस्पितळात नेऊन पोट उघडलं नाही तर काही खरं नाही, असं गावच्या नर्सनं सांगितलं होतं. तरी आकडा आधी तीच म्हणायची, बसक्या आवाजात, आणि इकोमो त्यावर नाव वळवायचा.

काठावरची सरकारी तपासणी चौकी दिसली तसा इकोमो म्हणाला, "दाजी, बेटामागून काढू या."

"तीस वर्षांत एक चौकी चुकवली नाही मी."

"मग आज चुकवा की!"

लोफेम्बानं नाव काठाला लावली.

आंब्याखाली टेबल मांडून चौकीचा शिपाई मोसेंगो बसला होता. त्यानं नर्सची चिठ्ठी दोन्ही बाजूंनी पाहिली. "पापा," वडीलधाऱ्याला म्हणतात तसं तो म्हणाला, "यावर आमचा शिक्का लागतो."

"मारा ना, साहेब. पोटात पू झालाय तिच्या."

"शिक्का मोठ्या साहेबांच्या खिशात. आणि ते सासऱ्याच्या मयताला गेलेत. उद्या येतील."

"सासऱ्याला पुरायला शिक्का लागतो होय?" इकोमो नावेतून म्हणाला.

मोसेंगो उठला, उतरून आला आणि नाव निसटू नये म्हणून त्यानं मापाची काठी काढून घेतली. "वाईट वाटून घेऊ नका, पापा. मागं एक नाव अशीच निसटली, तर माझा पगार अडकला."

दुपारभर बोलुम्बु कण्हत राहिली. ऊन कललं तेव्हा लोफेम्बानं बांबू तोडला, घाईघाईत खुणा कोरल्या आणि नाव सोडली. पण नव्या खुणा कमीजास्त पडल्या होत्या. तीन म्हणून त्यानं हाक दिली, बोलुम्बुनं तीन म्हटलं आणि नाव वाळूत रुतली, चौकीच्या डोळ्यांसमोर.

ढकलायला मोसेंगोच आला, छातीभर पाण्यात उतरून. नाव निघाली तसा तिचा दोर धरून त्यानं ती परत काठाला आणली. "म्हटलं होतं ना, उद्या," तो धापा टाकत म्हणाला.

सकाळी इकोमो पाणी घेऊन छपराखाली गेला, तेव्हा ती गार पडली होती.

मोठे साहेब दुपारी आले. भला माणूस. टोपी काढून उभा राहिला, खिशातून शिक्का काढला आणि चिठ्ठी वाचून थांबला. "ही तर रुग्णाची चिठ्ठी. मयत पुढं न्यायला वेगळा कागद लागतो. तुमच्या गावचाच. तिकडं परत जायला मात्र काही लागत नाही."

मोसेंगोनं काठी आणून दिली. ती पुसलेली होती.

इकोमोनं इंजिन चालू केलं. नाव प्रवाहाविरुद्ध, गावाकडं वळली. लोफेम्बानं काठी खुपसली. "चार!"

छपराखालून आकडा आला नाही. इकोमो वाट पाहत राहिला, आणि मग सवयीनं त्याचा हात इंजिनकडं गेला.

इंजिन थांबलं. नाव क्षणभर जागच्या जागी थरथरली आणि हळूहळू मागं, म्बांडाकाच्या दिशेनं, वाहू लागली. लोफेम्बानं काठी वर घेतली. काठावरून मोसेंगो हात हलवून ओरडत होता, "तिकडं नाही, पापा, कागद लागतो!"