बाबांचं ‘छान चाललंय’

ऑफिसात त्याला सगळे ‘चाळणी’ म्हणायचे. पाहणीची प्रश्नावली हाती आली की प्रश्न न् प्रश्न चाळल्याशिवाय तो सोडत नसे. या आठवड्यात मात्र चाळणीचाच जीव थाऱ्यावर नव्हता.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची पाहणी झाली होती. उत्तरांना दिलेले गुण सांगत होते, बायका फार एकाकी, पुरुष मजेत. म्हणून ऑफिसतर्फे पुरुषांकडे गप्पा मारायला जाणाऱ्या बाईंच्या भेटी बंद करायच्या, असं साहेबांनी ठरवलं. सही उद्या. आणि त्या पुरुषांत त्याचे वडीलही होते.

“बाबा, एकटं वाटतं का हो?” त्याने फोनवर विचारलं.

“छे! छान चाललंय.” पण फोन काही ठेवेनात. पंख्याचा आवाज, नळाचं गळणं, सगळं सांगून झालं.

मग त्याने साध्या प्रश्नांची उत्तरं सारखी असलेल्या स्त्री-पुरुषांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. काल कोणाशी बोललात? दार कोणी वाजवलं? इथपर्यंत दोघं सारखेच तुटलेले. ‘रडू येतं का?’ आणि ‘एकटं वाटतं का?’ इथे आल्यावर मात्र पुरुष झटकन ‘नाही’ म्हणून मोकळे. म्हणजे मोजपट्टीच दोघांना सारखी नव्हती. की बापासाठी त्यालाच तसं दिसत होतं? चोराच्या मनात चांदणं.

त्याने गटांची नावं झाकली आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीला तेच काम नव्याने करायला दिलं.

“काका, गट कोणते ते तरी सांगा.”

“नाही सांगत.”

“स्वतःवर एवढाही विश्वास नाही?”

“नाहीच मुळी. कर गपचूप.”

तो खिडकीशी गेला, परत आला, पुन्हा गेला. चहा निवला.

“काका, बसा हो, चक्कर येईल मला! दोन प्रश्न वाकडे आहेत. दुसरा गट तेवढाच एकटा आहे, फक्त कबूल करत नाही. ते दोन काढले तर फरक जवळजवळ उरतच नाही.”

त्याने झाकलेली नावं उघडली. दुसरा गट पुरुषांचा.

साहेबांपुढे त्याने आधी वडिलांचं सांगितलं, मग आकडे ठेवले. साहेब कुरकुरले, पण सही केली नाही. “प्रश्न बदला. तोवर भेटी चालू.”

संध्याकाळी तो वडिलांकडे गेला, तरी मनात भुंगा होताच. ते साधे प्रश्न तरी सरळ होते कशावरून?

“ती बाई येणार का अजून?”

“येणार.”

“कशाला उगाच,” म्हणत बाबा उठले आणि दुसरी खुर्ची पुसायला लागले.